नाचणीची भाकरी आणि खाणाऱ्याची मर्जी

पोलादपूर तालुक्यात, सह्याद्रीच्या कड्याशी बिलगून असलेल्या कुडपणसारख्या गावांत सपाट जमीन मुळातच तुटपुंजी आणि पाऊस अपरंपार, त्यामुळे खाचरांतून भात थोडा पिकावयाचा आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी घेतली जावयाची, असा शेतीचा दस्तूर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. भाकरी कशाची खावयाची हा प्रश्न त्यामुळे कोणापुढे उभाच राहत नसे. त्याचा निकाल जमिनीने आधीच देऊन ठेवलेला असे. आज भीमाची काठी हा तेथील धबधबा पाहावयास मुंबई-पुण्याहून आलेला पाहुणा मात्र जेवण सांगताना नाचणीचीच भाकरी हवी असा आग्रह धरतो आणि ती मिटक्या मारीत खातो. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून जाहीर केल्यापासून तर या धान्याने शहरातील दुकानांच्या दर्शनी फळीवर ठाण मांडले आहे. धान्य तेच आणि तवाही तोच असताना आजोबांना जिचा कंटाळा आला, ती भाकरी नातवाला एवढी रुचकर का लागावी?

रोज तेच खाल्ल्याने येणारा वीट हे एक कारण निःसंशय आहे. ऑक्सफर्डच्या एडमंड रोल्स यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत, डोळ्यांच्या खोबणीवर असलेल्या मेंदूच्या भागातील काही पेशी, एखादा पदार्थ पोटभर खाल्ल्यावर त्याच पदार्थाला दाद देईनाशा होतात, दुसऱ्या पदार्थाला मात्र पूर्ववत देतात, असे आढळले. परंतु एवढ्याने उलगडा पुरा होत नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या तांबड्या मिलो ज्वारीला लोकांनी जी नावे ठेवली, त्यांत त्या धान्याच्या बेचवपणाचा वाटा होताच; पण दुसरे काही मागण्याची मुभा नव्हती, हा सलही त्या घासाबरोबर गिळावा लागत होता, असे मला वाटते.

हा सल मेंदूत कोठे उमटत असावा, याचा माग न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात लॉरेन लिओटी आणि मॉरिसिओ डेल्गाडो यांच्या २०११ च्या प्रयोगातून लागतो. पडद्यावर एक खूण आली की दोहोंपैकी कोणती कळ दाबावी हे माणसाने स्वतः ठरवावयाचे, दुसरी आली की यंत्र सांगेल तीच दाबावयाची. बक्षिसाचा संभव दोन्हीकडे सारखाच. तरीही पहिली खूण लोकांना अधिक आवडली, आणि ती नुसती दिसताच, म्हणजे बक्षीस हाती येण्यापूर्वीच, मेंदूच्या गाभ्यातील स्ट्रायेटम या केंद्राचा खालचा भाग अधिक चेतला. तेथील बक्षीस पैशाचे होते, हे विसरता कामा नये. पण चविष्ट घासाच्या अपेक्षेनेही हेच केंद्र जागे होते.

निवड केल्यानंतरही काही घडते. जॅक ब्रेम यांनी १९५६ साली स्त्रियांना घरगुती उपकरणांपैकी एक निवडावयास लावले, तेव्हा निवडलेल्या वस्तूची किंमत त्यांच्या लेखी वाढली आणि नाकारलेलीची घटली. पुढे २००९ मध्ये लंडनमधील टॅली शॅरट प्रभृतींना सहलीच्या ठिकाणांबाबत हाच बदल मेंदूतील कॉडेट या भागाच्या हालचालीतही दिसला. कुडपणचा पाहुणा नाचणी मागतो त्या क्षणीच ती त्याच्यापुरती थोडी गोड झालेली असते.

याचा अर्थ पर्याय जितके अधिक तितका आनंद अधिक, असा मात्र नव्हे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चोवीस प्रकारचे जॅम मांडलेल्या टेबलाशी गर्दी अधिक झाली, पण विकत घेणारे शेकडा तीनच निघाले. सहाच प्रकार मांडले तेव्हा शेकडा तीस. कोकणातून मुंबईस चाकरीला गेलेल्या गिरणी कामगारांचा अनुभव येथे आठवतो. महिन्याचे पैसे देऊन ते खाणावळवाल्या बाईकडे जेवत आणि ती वाढील ते मुकाट्याने खात. परंतु आपल्या मुलखाची चव सांभाळणारी बाई शोधणे कामगाराच्या हाती होते, आणि महिन्यातून एकदा वापरलेला तो अधिकार रोजच्या ताटाला पुरत असावा. याच बायांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये उभी केली.

अय्यंगार-लेपर यांचाच १९९९ चा आणखी एक निष्कर्ष आपल्या घरांना अधिक लागू पडावा. गोऱ्या अमेरिकन मुलांना स्वतः निवडलेल्या शब्दकोड्यात सर्वाधिक गोडी वाटली, तर आशियाई वंशाच्या मुलांना ‘तुझ्या आईने निवडले आहे’ असे सांगितलेल्या कोड्यात. ‘आज काय करू?’ या घरच्या बाईच्या प्रश्नाला आपल्याकडे ‘काहीही कर’ असे उत्तर मिळते, त्यामागे आळस असेल तसाच हा भरवसाही असेल. मग कुळथाचे पिठले घालावे, सुकट परतावी की पावसाळ्यात बांधावरचा टाकळा खुडून आणावा, याची तजवीज डब्यातील शिल्लक आणि प्रत्येकाची आवडनिवड ध्यानात घेऊन तीच बाई करते, आणि सर्वांची पाने उठल्यावर स्वतः बसते तेव्हा पातेल्याच्या तळाशी जे उरले असेल ते वाढून घेते. घरातील निवडीचा जवळजवळ सगळा अधिकार जिच्याकडे, तिच्याच ताटापुढे तो संपतो, हे पाहावयास प्रयोगशाळेत जावे लागत नाही. दुपारी दीडच्या सुमारास कोणत्याही स्वयंपाकघरात डोकावले तरी पुरते.