'सीपीआर नको' म्हणजे उपचार नको असं नव्हे

टेल्को, बजाज, हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये उमेदीची वर्षं घालवलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. पिंपरी-चिंचवडच्या निगडी-प्राधिकरणातल्या कितीतरी घरांत दोघंच राहतात, मुलं परदेशी. 'मला उगीच नळ्या लावून ठेवू नका' हे यांच्या तोंडी असतं. कागदावर मात्र येत नाही. गैरसमज आडवे येतात.

सगळ्यांत घातक समज असा, की 'सीपीआर नको', म्हणजे बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू करू नका, असं म्हटलं की डॉक्टर लक्षच देत नाहीत. वस्तुस्थिती वेगळी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२० मध्ये रुग्णाच्या कागदपत्रांत 'सीपीआर नको' अशी नोंद करण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. हृदय बंद पडल्यास ते पुन्हा चालू करायचा खटाटोप करायचा नाही, एवढाच या नोंदीचा अर्थ. सलाईन, अँटिबायोटिक, ऑक्सिजन आणि वेदना कमी करणारी औषधं त्यामुळे बंद होत नाहीत.

सीपीआरने माणूस उठून बसतो, हा समज सिनेमाने दिला. प्रत्यक्षात छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबावी लागते. म्हातारपणी बरगड्या अनेकदा मोडतात. हिंडत्याफिरत्या माणसाचं हृदय अचानक थांबलं, तर हाच उपाय जीव वाचवतो आणि तो तत्काळ करायलाच हवा. कॅन्सर शेवटच्या टप्प्यात असेल, अवयव एकेक करून निकामी होत असतील, तर मात्र यशाची शक्यता फारच थोडी. म्हणून निर्णय नुसत्या वयावर नको, प्रकृती पाहून घ्यावा.

'हे तर इच्छामरण, बेकायदा!' असंही ऐकू येतं. जीव घेणारं इंजेक्शन आजही गुन्हाच आहे. पण मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली सुरू झालेला विचार सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी पुढे नेला आणि सन्मानाने मरण्याचा हक्क व वैद्यकीय इच्छापत्र (आपल्याला सांगता येणार नाही तेव्हा कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद) मान्य केलं. २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. न्यायदंडाधिकाऱ्यासमोर सही करण्याची अट गेली. प्रत्यक्ष वेळ आली, की डॉक्टरांची दोन मंडळं खातरजमा करतात. तुम्ही शुद्धीवर असेपर्यंत शब्द तुमचाच चालतो, आणि मत बदललं तर इच्छापत्र लेखी रद्द करता येतं.

मृत्युपत्रात हे लिहून भागत नाही. ते उघडतं माणूस गेल्यावर.

इच्छापत्राची एक प्रत स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात याचिका केल्यानंतर राज्यात असे अधिकारी नेमले गेले. पिंपरी-चिंचवडकरांनी महापालिकेत, चाकणकरांनी नगरपरिषदेत चौकशी करावी. आपल्या वतीने बोलणाऱ्या एकापेक्षा अधिक माणसांची नावं इच्छापत्रात घाला. त्यांतला एक तरी हाकेच्या अंतरावर राहणारा असू द्या. आणि फॅमिली डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाल, तेव्हा इच्छापत्रात नावं घातलेल्या या माणसांना घेऊनच जा.