नव्या औषधाची चाचणी : सही रुग्णाचीच, आणि समजून केलेली

पालघर-बोईसर पट्ट्यातील आपल्या वस्त्यांना कॅन्सर हा शब्द आता परका राहिलेला नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा कामगार असो की चार घरची धुणीभांडी करणारी भगिनी असो, गाठ निघाली की पहिले नाव येते ते परळच्या टाटा रुग्णालयाचे. १९४१ साली सुरू झालेले हे रुग्णालय १९६२ पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. म्हणजे आपल्या तारापूरची अणुभट्टी ज्या खात्याची, त्याच खात्याचे हे रुग्णालय. बोईसरहून अंतर सुमारे शंभर किलोमीटर. पहाटेची गाडी, हातात रिपोर्टची पिशवी आणि दादरला उतरून पुढची धावपळ, हे आपल्या कित्येक घरांनी सोसले आहे.

यातल्या काही घरांपुढे एक दिवस वेगळाच प्रश्न उभा राहतो. आजार पसरलेला असतो, नेहमीचे औषध लागू पडत नसते आणि डॉक्टर म्हणतात, "एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे. तुम्हाला त्यात भाग घ्यायचा आहे का?" घरात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "एवढे मोठे रुग्णालय, औषध फुकट, विचार कसला करता?" दुसरा म्हणतो, "गरिबाला उंदीर समजतात, सही करू नका." ज्याच्या अंगात आजार आहे, तो मात्र कोपऱ्यात गप्प बसलेला असतो. त्याला कोणी विचारतच नाही. हा लेख त्याच्यासाठी आहे.

भीती खोटी नाही

गरिबांवर प्रयोग होतात, ही भीती हवेतून आलेली नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे तेथील सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० काळ्या पुरुषांना निरीक्षणाखाली ठेवले. त्यांतील ३९९ जणांना सिफिलिस हा गुप्तरोग होता. त्यांना खरा हेतू सांगितला नाही आणि पेनिसिलीनसारखे खात्रीचे औषध आल्यावरही ते दिले नाही. हे प्रकरण १९७२ साली उघडकीस आले. त्याच वर्षी अमेरिकेतील काळ्या बांधवांच्या लढ्यापासून स्फूर्ती घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती.

आपल्या देशातही असे घडले आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरील लसीचा एक प्रकल्प २००९ साली खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात खम्ममच्या अनेक मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. संसदेच्या समितीने २०१३ साली यावर कडक ताशेरे ओढले. ती लस वाईट होती असे नव्हे. ती आज अनेक देशांत उपयोगी पडते आहे. दोष होता तो परस्पर सही करण्याचा.

पण म्हणून प्रत्येक चाचणी म्हणजे फसवणूक असेही नाही. आज रुग्णाला मिळणारे प्रत्येक सिद्ध औषध कोणीतरी चाचणीत भाग घेतला म्हणूनच मिळते आहे.

चाचणी म्हणजे उत्तर नव्हे, प्रश्न

चाचणीचे टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात थोड्या माणसांवर मुख्यतः औषधाचा किती डोस सोसवतो ते पाहतात. दुसऱ्यात औषध काम करते का ते पाहतात. तिसऱ्यात मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन नव्या उपचाराची जुन्याशी तुलना करतात. या तुलनेत कोणत्या रुग्णाला नवे आणि कोणाला जुने, हे डॉक्टर ठरवत नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे संगणक ठरवतो. म्हणून सही केली म्हणजे नवे औषध मिळालेच, असे समजू नये. आणि मिळाले म्हणजे ते चांगलेच, असेही नाही.

टाटा रुग्णालयातीलच दोन उदाहरणे पाहा. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरल्यावरही मूळ गाठ काढावी का, हा प्रश्न घेऊन २००५ ते २०१३ या काळात ३५० स्त्रियांची चाचणी झाली. गाठ काढलेली बरी, असेच कोणालाही वाटेल. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांच्या आयुष्यात फरक आढळला नाही. एका गटाचे मध्यमान सुमारे १९ महिने, दुसऱ्याचे सुमारे २० महिने.

दुसरे उदाहरण तोंडाच्या आणि घशाच्या पसरलेल्या कॅन्सरचे. निव्होलुमॅब हे महागडे इंजेक्शन नेहमीच्या डोसाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून २० मिलिग्रॅम, एवढेच स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिले. १५१ रुग्ण होते. २०२२ साली निष्कर्ष आले. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर शंभरातील १६ रुग्ण हयात होते, इंजेक्शनच्या गटात ४३. गरिबाला परवडेल असा मार्ग त्यातून दिसला. तरीही निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षभरात गेलेच, हेही विसरू नये. दोन्ही चाचण्यांत सही करताना पुढे काय होणार, हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही नव्हते.

कायदा काय सांगतो

नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. प्रत्येक चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते. त्या समितीत संस्थेबाहेरची माणसे, कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो. माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. रुग्णाला वाचता येत नसेल, तर निःपक्ष साक्षीदारासमोर ती वाचून दाखवावी लागते. पूर्णपणे नवे औषध असेल आणि रुग्ण दुर्बल घटकातील असेल, तर संमती घेतानाचे चित्रीकरण करावे लागते. संमतीपत्राची प्रत रुग्णाला मिळालीच पाहिजे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि नुकसानभरपाई, मृत्यू झाला तर वारसाला भरपाई. म्हणूनच त्या फॉर्मवर वारसाचे नाव आणि वार्षिक उत्पन्न विचारतात. तो रकाना पाहून घाबरू नये, पण तो कोराही सोडू नये. मी कारकून माणूस आहे. घाईत केलेली सही किती महाग पडते, ते टेबलावर रोज दिसते.

शिवाय चाचणी मध्येच सोडण्याचा हक्क रुग्णाला आहे. त्यासाठी कारण द्यावे लागत नाही आणि सोडल्यावर नेहमीचा उपचार थांबवता येत नाही.

हे विचारा, उत्तरे वहीत लिहून घ्या

१. चाचणी कोणत्या टप्प्याची आहे? भारताच्या सीटीआरआय नोंदवहीत तिचा क्रमांक काय? (२००९ पासून ही नोंद सक्तीची आहे. घरातील शिकलेली मुलगी मोबाइलवरही ती पाहू शकेल.)
२. भाग घेतला नाही तर मला कोणता उपचार मिळेल?
३. त्रास कोणता होऊ शकतो? रात्री बोईसरला त्रास झाला तर फोन कोणाला करायचा?
४. किती खेपा, किती रक्ततपासण्या? प्रवासखर्च आणि बुडालेला रोज मिळेल का?
५. चाचणी संपल्यावर, गुण येत असेल तर, औषध पुढे मिळेल का?
६. दुखणे कमी करण्याचा उपचार सोबत चालू राहील ना?

शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. वेदना शमवणारे औषध हा रुग्णाचा हक्क आहे. तो चाचणीत असो वा नसो.

उत्तरासाठी घाई केली जात असेल, तर "घरी जाऊन विचार करतो" एवढे शांतपणे सांगावे. कागद घरी नेता येतो.

पैशापायी सही नको

"फुकट उपचार मिळतो" एवढ्यासाठी सही करणे हा सर्वांत घातक मार्ग. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. कामगाराचे ईएसआय कार्ड असेल, तर अटी पूर्ण केल्यावर दीर्घ आजाराच्या रजेत पगाराचा मोठा हिस्सा मिळतो, आणि त्या आजारांच्या यादीत कॅन्सर आहे. रुग्णालयाच्या दाखल्यावर रेल्वेच्या तिकिटात सवलत आहे. मुक्कामाची अडचण असेल तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा रुग्णांसाठी आहे. रुग्णालयातील समाजसेवकाला आधी भेटा. खर्चाचा प्रश्न बाजूला झाला की मगच चाचणीचा प्रश्न स्वच्छ दिसतो.

निर्णय कोणाचा?

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते, की प्रत्येक उपदेशक आपलेच खरे म्हणतो, मग विश्वास कोणावर ठेवावा? तथागतांनी त्यांना ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर किंवा गुरूच्या अधिकारावर विसंबून न राहता स्वतः पारखून घ्यायला सांगितले. येथेही तेच लागू आहे. मोठ्या डॉक्टरांनी सांगितले म्हणून हो नको, आणि शेजाऱ्याने भीती घातली म्हणून नाही नको.

विशेषतः भगिनींबाबत एक सांगावेसे वाटते. नवरा किंवा मुलगा परस्पर ठरवतो आणि तिच्या हाती फक्त पेन देतो. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांच्या लेकींच्या बाबतीत तरी हे घडू नये. तिला आजाराची खरी अवस्था सांगा आणि तिला काय हवे ते विचारा. कोणी म्हणेल, "मला आणखी झुंजायचे आहे." कोणी म्हणेल, "माझ्यावरून पुढच्या रुग्णाला काही कळले तरी चालेल." हेही एक दानच आहे, पण ते मनापासून असावे. आणि कोणी म्हणेल, "गाडीच्या खेपा पुरे झाल्या, आता नातवंडांत राहू द्या." यातले कोणतेही उत्तर भ्याडपणाचे नाही.

ज्या समाजाच्या वाडवडिलांचे अंगठे सावकाराने न वाचू देता घेतले, त्या समाजाने आता एकही सही वाचल्याशिवाय करू नये. प्रत्येक बुद्धविहारात दोन शिकलेल्या तरुण-तरुणींनी एवढे काम अंगावर घ्यावे. वस्तीतील रुग्णाबरोबर जावे, कागद मोठ्याने वाचून दाखवावा, प्रश्न लिहून घ्यावेत आणि ठरवणे मात्र रुग्णावर सोडावे.

जय भीम!