मोटार विम्याचा हप्ता : देशोदेशी एवढा फरक का?

गोव्यातून इंग्लंडमध्ये, विशेषतः स्विंडन शहरात, जाऊन स्थिरावलेली कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत. तेथे पहिली मोटार घेणाऱ्या गोमंतकीयाला गाडीच्या किमतीपेक्षा विम्याचा हप्ताच अधिक चकित करतो. वापरलेली लहान गाडी परवडणाऱ्या किमतीत मिळते. मात्र वर्षभराच्या विम्याचा आकडा ऐकल्यावर, ‘तेवढ्या पैशांत म्हापशात जुनी स्कूटर आली असती’, असे गावाकडची माणसे सहज बोलून जातात. तिकडच्या विमा कंपन्या लुटतात आणि आपल्याकडील विमा स्वस्त आहे, असा निष्कर्ष त्यातून काढला जातो. तो अर्धाच खरा आहे. हप्ता किती, हे पाहताना त्या हप्त्यातून कोणाला काय मिळते, हेही पाहावे लागते.

प्रथम आकडे पाहू. ब्रिटनमधील विमा कंपन्यांच्या संघटनेनुसार २०२४ मध्ये खासगी मोटारीच्या सर्वसमावेशक विम्यासाठी ग्राहकांनी सरासरी ६२२ पाउंड मोजले. पाउंडाचा भाव ११० रुपये धरल्यास ही रक्कम ६८ हजार रुपयांच्या घरात जाते. भारतात १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचा वार्षिक दर जून २०२२ च्या अधिसूचनेनुसार २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि त्यावरील गाडीसाठी ७,८९७ रुपये ठरविण्यात आला. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो.

ही दोन वेगळ्या वस्तूंची तुलना आहे, हे येथेच लक्षात घ्यायला हवे. ब्रिटनमधील रकमेत स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही समावेश आहे. भारतातील वरील दरात तो नाही. शिवाय उत्पन्नाचे मानही वेगळे. ब्रिटनमधील पूर्णवेळ नोकरदाराचे मध्यक वार्षिक वेतन २०२४ मध्ये ३७ हजार पाउंडांहून थोडे अधिक होते. त्या मानाने सरासरी हप्ता दोन टक्क्यांहूनही कमी भरतो. अर्थात, नवा परवाना मिळालेल्या तरुणाला सरासरीच्या कितीतरी पट हप्ता पडतो, हेही खरे.

भारतातील दर कमी का?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा मृत्यू झाला, कोणी जखमी झाले किंवा कोणाच्या मालमत्तेची हानी झाली, तर त्याची भरपाई या विम्यातून होते. त्याचा दर कंपन्या ठरवीत नाहीत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय विमा नियामक प्राधिकरणाशी विचारविनिमय करून तो जाहीर करते. त्यामुळे पणजीतील सावध चालक आणि दिल्लीतील बेदरकार चालक यांच्या एकाच क्षमतेच्या गाड्यांना एकच दर लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र २००७ पासून दरनियंत्रणातून मुक्त आहे. तेथे कंपन्यांची स्पर्धा चालते आणि गाडीचे घटत जाणारे घोषित मूल्य, ती जेथे नोंदलेली आहे ते शहर व पूर्वीचे दावे यांवर हप्ता ठरतो.

दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. भारतात मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला कायद्याने मर्यादा नाही. मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ती रक्कम ठरविते, तेव्हा हिशेबाचा पाया असतो तो संबंधित व्यक्तीचे उत्पन्न. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा प्रकरणात घालून दिलेल्या पद्धतीनुसार मृताच्या वार्षिक उत्पन्नातून त्याचा वैयक्तिक खर्च वजा करून उरलेल्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाते. पंचविशीपर्यंत हा गुणक १८ आहे, तर ३१ ते ३५ या वयोगटासाठी १६. ज्या देशात बहुसंख्य पादचारी व दुचाकीस्वारांचे उत्पन्न तुटपुंजे आहे, तेथे भरपाईही तुटपुंजीच ठरते आणि विम्याचा हप्ता कमी ठेवता येतो. आपल्या स्वस्ताईत अपघातग्रस्ताच्या कमी उत्पन्नाचाही वाटा असतो, तो असा.

ब्रिटनमधील हप्त्यात काय काय असते?

ब्रिटनमध्ये थर्ड पार्टी विम्याची सक्ती १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने आली. तेथेही शारीरिक इजेच्या भरपाईला मर्यादा नाही. फरक आहे तो रकमेत. मणक्याला किंवा मेंदूला कायमची इजा झालेल्या तरुणाला आयुष्यभर लागणारा परिचारक, घरातील बदल, व्हीलचेअर, बुडालेले उत्पन्न या साऱ्यांचा खर्च न्यायालय मोजते. एकरकमी भरपाई गुंतविल्यास त्यावर किती परतावा मिळेल, हे गृहीत धरणारा एक दर सरकार ठरविते. २०१७ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये तो २.५ टक्क्यांवरून उणे ०.७५ टक्क्यावर आणण्यात आला. परतावा कमी धरला की आजच द्यावी लागणारी रक्कम वाढते. साहजिकच विमा कंपन्यांचा बोजाही वाढला. हा दर पुढे बदलला असला, तरी मोठ्या दाव्यांचा भार हप्त्यावर कसा येतो, ते त्या वेळी दिसून आले.

याखेरीज तेथे प्रत्येक कंपनी आपला दर स्वतः ठरविते. वय, राहत्या घराचा पोस्टकोड, गाडी कोठे उभी राहते, व्यवसाय, मागील दावे यांची बारकाईने विचारपूस होते. अनेक वर्षे प्रत्येक मॉडेल १ ते ५० यांपैकी एका विमा गटात बसविले जात आले आहे. हप्त्यावर १२ टक्के करही लागतो.

न्यूझीलंडचा वेगळा मार्ग

न्यूझीलंडमध्ये मोटारीचा विमा सक्तीचाच नाही! तेथे १९७४ पासून अपघातातील इजेची जबाबदारी एका सरकारी महामंडळाने उचलली आहे. चूक कोणाची, हा प्रश्न न विचारता उपचारांचा खर्च दिला जातो आणि कमावत्या व्यक्तीला काम करता येत नसेल, तर उत्पन्नाच्या ८० टक्के साप्ताहिक भरपाई मिळते. त्याबदल्यात इजेच्या भरपाईसाठी चालकाविरुद्ध दावा लावण्याचा हक्क राहत नाही. वाहन अपघातांसाठीचा पैसा येतो तो पेट्रोलवरील अधिभारातून आणि वाहनाच्या वार्षिक परवाना शुल्कातून. तेथील चालक विमा कंपनीला कमी पैसे देतो. उरलेले तो पेट्रोल पंपावर भरतो.

याउलट अमेरिकेच्या मिशिगन राज्यात २०२० पर्यंत प्रत्येक मोटार विम्यात जखमीच्या आजीवन, अमर्याद वैद्यकीय खर्चाची हमी असे. तेथील, विशेषतः डेट्रॉईटमधील, हप्ते देशात सर्वाधिक महागड्यांत गणले जात. कायदा बदलून ग्राहकांना कमी संरक्षणाचा पर्याय देण्यात आला, तो याचसाठी.

पळून गेलेल्या वाहनाची कसोटी

अज्ञात वाहन एखाद्याला ठोकरून निघून गेले, तर काय होते? ब्रिटनमध्ये विमा कंपन्यांच्या वर्गणीतून चालणारी, १९४६ साली स्थापन झालेली संस्था अशा जखमींना न्यायालयाने दिली असती त्याच धर्तीवर भरपाई देते. तिचा खर्च प्रामाणिकपणे विमा उतरविणाऱ्यांच्या हप्त्यातच मिसळलेला असतो. न्यूझीलंडमध्ये वाहन सापडले काय आणि न सापडले काय, जखमीच्या दृष्टीने फरक पडत नाही. भारतात मात्र १ एप्रिल २०२२ पासून अशा अपघातात मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर इजा झाल्यास ५० हजार रुपये अशी ठरावीक रक्कम मिळते. कमावत्या माणसाच्या घराला दोन लाख रुपये किती दिवस पुरणार, हे सांगायला नको.

गोमंतकीय वाहनमालकांसाठी

या तुलनेतून काही व्यावहारिक गोष्टी हाती लागतात. खासगी मोटारीच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाख रुपये आहे. महागड्या गाडीला धडक बसली आणि खर्च त्यापलीकडे गेला, तर वरची रक्कम मालकाच्या खिशातून जाते. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढते. पण पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास ती बुडते. परदेशी स्थायिक होणाऱ्यांनी या सवलतीचे पत्र कंपनीकडून घेऊन ठेवावे. ब्रिटनमधील सर्वच कंपन्या ते मान्य करतात असे नाही, परंतु विचारून पाहण्यात तोटा नाही. भारतीय परवान्यावर तेथे १२ महिनेच गाडी चालविता येते, याचीही नोंद असावी.

सर्वांत गंभीर बाब विमा नसलेल्या वाहनांची आहे. दर एवढा कमी असूनही देशातील निम्म्याच्या आसपास वाहने विम्याविना धावतात आणि त्यांत दुचाकींचा भरणा मोठा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण खरा धोका दंडाचा नाही. अपघात घडला, तर न्यायाधिकरणाने ठरविलेली लाखोंची भरपाई मालकाला स्वतः द्यावी लागते. ती देण्याची त्याची ऐपत नसेल, तर निकाल जिंकूनही जखमीच्या कुटुंबाच्या हाती काही लागत नाही. दोन-तीन हजारांचा हप्ता वाचविल्याची किंमत तेव्हा दोन घरांना मोजावी लागते.