सुनावणीच्या आधीची शिक्षा (लेखांक ९)

साताऱ्याहून एक पत्र आलं. पत्रलेखकांचा भाचा अमेरिकेत शिकतो. पॅलेस्टाइनच्या बाजूने झालेल्या धरण्यात तो बसला आणि विद्यापीठाची नोटीस आली. मामांनी फोनवर सांगितलं, "माफी मागून मोकळा हो." बरोबर केलं ना, असं ते विचारतात.

जरा घाईच केली. माफीचा ईमेल म्हणजे आपल्या हाताने लिहून दिलेला कबुलीजबाब. त्याच प्रसंगात अटक झाली असेल, तर विद्यापीठापुढचं बोलणं फौजदारी खटल्यातही पुढे येऊ शकतं. म्हणून जाणते वकील पहिल्या फोनवर एवढंच सांगतात: उत्तराची मुदत लिहून ठेव, नियमावली मिळव, आम्हाला दाखवल्याशिवाय एक ओळ पाठवू नकोस. २०१२ साली सुरू झालेली 'पॅलेस्टाइन लीगल' ही संस्था आणि नॅशनल लॉयर्स गिल्डचे वकील हे काम करतात. गिल्डचा नंबर निदर्शक मार्करने हातावर लिहून घेतात. पोलीस मोबाइल काढून घेतील, हात कुठे काढून घेणार?

अशा धरण्यांसाठी विद्यापीठांच्या आवारात लागलेल्या तंबूंचे फोटो सगळ्यांनी पाहिले. खरी अडचण आहे ती अंतरिम निलंबनाची, म्हणजे चौकशीआधीच घातलेल्या बंदीची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या हिरवळीवर १७ एप्रिल २०२४ ला तंबू लागले. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षा मिनूश शफीक यांनी पोलीस बोलावले आणि शंभराहून अधिक जणांना अटक झाली. त्यांत शेजारच्या बार्नर्ड कॉलेजच्या मुली होत्या. त्यांना निलंबित करून वसतिगृहाबाहेर काढलं. सामान घ्यायला १५ मिनिटं! सुनावणी अजून व्हायचीच होती. अशा वेळी कायद्याच्या पुस्तकाआधी लागतं ते झोपायला एक अंथरूण आणि रात्रीचं जेवण. पाठिंबा देणाऱ्यांची अर्धी शक्ती त्यातच खर्च होते.

परदेशी विद्यार्थ्यांचं दुखणं आणखी वेगळं. एफ-१ व्हिसा पूर्ण वेळ शिकणाऱ्यालाच मिळतो. निलंबनाने नोंदणी तुटली की देशात राहण्याचा आधारच डळमळतो. ज्या शिक्षेने अमेरिकन मुलाचं एक सत्र बुडतं, तिनेच भारतीय मुलावर बोचकं बांधायची पाळी येऊ शकते.

सुनावणीत वकील नेता येतो का? बहुतेक ठिकाणी सल्लागार शेजारी बसू शकतो, पण तोंड उघडू शकत नाही. चिठ्ठी सरकवायची, फार तर कानात कुजबुजायचं. नॉर्थ कॅरोलायनाने मात्र २०१३ मध्ये कायदा करून सरकारी विद्यापीठांतल्या सुनावण्यांत वकिलाला बोलायची मुभा दिली.

मुळात सुनावणी हा हक्क तरी आला कुठून? त्यासाठी १९६० च्या माँटगोमेरीला जावं लागतं. २५ फेब्रुवारीला अलाबामा स्टेट कॉलेजचे कृष्णवर्णीय विद्यार्थी कोर्टाच्या इमारतीतल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले. गव्हर्नर जॉन पॅटरसन भडकले आणि राज्य शिक्षण मंडळाने नऊ जणांना काढून टाकलं. सुनावणी नाही, पत्रात धड आरोपही नाही. बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांचे वकील फ्रेड ग्रे या मुलांसाठीही उभे राहिले. १९६१ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल दिला: सरकारी कॉलेजला विद्यार्थी काढायचा असेल तर आधी आरोप कळवा आणि त्याचं म्हणणं ऐका. नऊ जणांच्या नोंदी साफ व्हायला मात्र २०१८ उजाडलं.

'डिक्सन' नावाने प्रसिद्ध असलेला हा निकाल सरकारी संस्थांना बांधतो. कोलंबिया, हार्वर्ड खासगी. तिथे आधार त्यांच्याच नियमावलीचा. म्हणून ती कंटाळवाणी पीडीएफ वाचायचीच. ज्यू विद्यार्थ्यांना धमकावल्याच्या तक्रारीही या काळात झाल्या. तो आरोप असेल तर चौकशी व्हायलाच हवी, पण तिथेही आरोपीचं ऐकल्यावरच शिक्षा.

कधी कधी गर्दीचा उपयोग होतो. मे २०२४ मध्ये हार्वर्डने अशाच धरण्यात सामील झालेल्या तेरा विद्यार्थ्यांच्या पदव्या अडवल्या. प्राध्यापकांनी त्या द्याव्यात असं मत दिलं होतं, तरी वरच्या मंडळाने ऐकलं नाही. पदवीदान समारंभात श्रुती कुमार या विद्यार्थिनीने लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवून या तेरा जणांची बाजू मांडली, शेकडो जण उठून बाहेर पडले. जुलैत तेरापैकी अकरा जणांना पदव्या मिळाल्या.

तेव्हा मामासाहेब, माफीचा ईमेल अजून गेला नसेल तर थांबवा. भाच्याला आधी उत्तराची शेवटची तारीख विचारा, मग वकील शोधायला सांगा. आणि त्या भानगडीत तो वेळेवर जेवतोय ना, तेही विचारा.