प्लाझ्मा टेबलासाठी फाइल पाठवताना

गेटच्या जाळीची नक्षी एकाने संगणकावर काढली आणि पत्रा दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये कापायचा, की पहिली अडचण बहुधा फाइल उघडण्याचीच येते. नवं सॉफ्टवेअर जुनी फाइल वाचतं. जुन्याला मात्र नवी सहसा वाचता येत नाही. म्हणून मूळ फाइलऐवजी डीएक्सएफ पाठवतात. ऑटोडेस्कने १९८२मध्ये ऑटोकॅडसोबत हा प्रकार आणला, तोच मुळी अशा देवाणघेवाणीसाठी. पण डीएक्सएफच्याही आवृत्त्या निघत गेल्या. सेव्ह करताना १९९२ची आर१२ निवडली, तर जवळपास कुठलंही सॉफ्टवेअर ती उघडतं.

या जुनेपणाची किंमत मोजावी लागते. आर१२ला स्प्लाइन, म्हणजे मुक्त वळणाची रेघ, ठाऊकच नाही. वेलबुट्टीचं एकेक वळण असंख्य बारीक सरळ तुकड्यांत मोडतं, टॉर्च अडखळत चालते आणि कड दातेरी निघते. वळणं आधीच वर्तुळाच्या कंसांत बदललेली बरी. कंस आर१२ला कळतात. अक्षरांचीही बाह्यरेषा करून घ्यावी, नाहीतर समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की पाटीवरचं नाव भलतंच दिसतं.

मापाची गोम वेगळीच. आर१२मध्ये आकडे असतात, पण ते इंच की मिलिमीटर हे खात्रीने कळत नाही. मिलिमीटरचं चित्र इंच समजून वाचलं, तर ते २५.४ पट मोठं होतं. म्हणून एखादं ठळक माप सोबत लिहून द्यावं.

जी-कोड, म्हणजे मशीनला हालचाली सांगणारी फाइल, मात्र पाठवू नये. त्यातला वेग आणि छेदाच्या रुंदीचा हिशेब एका ठरावीक मशीनचा आणि पत्र्याच्या एकाच जाडीचा असतो.