भीड नको, साबण हवा

जर्सी सिटीतल्या न्यूअर्क अव्हेन्यूवरून गाडी काढली, की तासाभरात हॅस्केल गाव येतं. तिथल्या वनाक्यू सेंटर या शुश्रूषा केंद्रात २०१८च्या सप्टेंबरअखेरीस मुलं तापानं फणफणू लागली. आधीच नाजूक प्रकृतीची मुलं ती; कुणी श्वासासाठी यंत्रावर, काहींची प्रतिकारशक्ती खचलेली. डिसेंबरअखेर साथ संपल्याचं जाहीर झालं, तोवर ३६ जणांना लागण झाली होती आणि त्यातले ११ जण दगावले होते.

विषाणू होता ॲडेनोव्हायरस. एरवी तो सर्दी, ताप, डोळे येणं एवढ्यावर भागवतो. इथं आलेला सातवा प्रकार त्यातला जहाल. त्यावर लस आहे, पण अमेरिकेत ती फक्त लष्करातल्यांसाठी मंजूर झालेली.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्याची घडण. फ्लूच्या किंवा करोनाच्या विषाणूभोवती चरबीचं वेष्टण असतं. हाताला चोळायच्या सॅनिटायझरमधलं अल्कोहोल ते मोडतं आणि विषाणू निकामी होतो. ॲडेनोला हे वेष्टणच नाही, त्यामुळे सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही. पलंगाच्या कठड्यावर, खेळण्यावर, दाराच्या मुठीवर तो आठवडेच्या आठवडे तग धरू शकतो. साबणानं हात खसखसून चोळले, की तो सुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो.

वनाक्यू सेंटरच्या सरकारी तपासणीत हात धुण्यातल्या त्रुटी आढळल्या. आजारी मुलांना वेगळं ठेवायला जागा अपुरी पडली, त्यात मोलाचे दिवस गेले. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीनं अशा केंद्रांना साथीचा आराखडा तयार ठेवणं कायद्यानं सक्तीचं केलं.

रुग्णालयातही अस्वच्छ हातांचा धोका हाच. कर्करोगासाठी केमो चालू असलेल्या मुलाच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात आणि छातीतली सेंट्रल लाइन ही नळी थेट रक्तात उतरलेली असते. तिला लागणारा प्रत्येक हात स्वच्छच हवा.

आपण मराठी माणसं इथं भिडेखातर गप्प बसतो. डॉक्टरांना कसं विचारायचं? विचारायचंच. सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्थाच रुग्णांना आणि नातेवाइकांना तसं सांगते. ‘हात धुतलेत ना?’ एवढंच, शांतपणे, दर वेळी. आणि आजारी लेकराला बघायला जाण्याची आपली माया खरी असली, तरी घशात खवखव असेल तर खोलीत शिरू नका. डबा बाहेर आईच्या हाती द्या आणि परत फिरा.