कोण म्हणालं, कुठं, कधी

गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याकडचा विद्यार्थी आपल्या भागाच्या इतिहासावर निबंध लिहायला बसला, की सहसा आधी हाती येतं ते १९०९ सालचं चांदा (आजचं चंद्रपूर) जिल्ह्याचं गॅझेटिअर. इंग्रजी, जाडजूड, आणि आता मोबाइलवर फुकट. मुलं ते उघडतात आणि उतरवत सुटतात. वही सुवाच्य अक्षरात भरते. महिनाभरानं निबंध लिहायची वेळ आली की त्यातलं कुठलं वाक्य पुस्तकाचं, कुठलं आपलं आणि कुठलं सरांनी वर्गात सांगितलेलं, हे त्यांचं त्यांनाच उमगत नाही.

बी.ए.ला असलेल्या एका मुलीनं विषय घेतला होता जमीनदारीतलं जंगल आणि गावाचा निस्तार, म्हणजे चराई, सरपण, लाकूड यांवरचा गावाचा हक्क. गेवर्धा, सोनसरी, पळसगड ही जमीनदाऱ्यांची नावं तिच्या तालुक्यातलीच. मी तिला एवढंच सांगितलं: पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, मग समजलं ते दोन ओळींत मराठीत लिहायचं. आकडे आणि सनावळ्या मात्र पुस्तक पुन्हा उघडून पडताळायच्या. मूळ वाक्य घ्यायचंच असेल तर अवतरणचिन्हात, पान क्रमांकासह. एका कागदावर एकच मुद्दा, मागची बाजू कोरी. डावीकडे पुस्तक, साल, पान. उजवीकडे स्वतःचा प्रश्न. सुरुवातीला उजवी बाजू रिकामीच राहायची. प्रश्न पडायला लागले ते ‘चांदा जिल्हा’ या दोन शब्दांपाशी.

कारण प्रत्येक कागदावरचा चांदा निराळा. दुर्ग जिल्हा १९०६ साली झाला आणि त्या सुमारास पूर्वेकडच्या काही जमीनदाऱ्या तिकडे गेल्या. हा मुलूख आधी मध्य प्रांतात, पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. जुन्या पुस्तकातला जंगलाचा आकडा आजच्या जिल्ह्याच्या आकड्याशेजारी मांडला तर जंगल वाढलं की घटलं हे कळत नाही, फक्त सीमा हलली एवढंच कळतं. म्हणून आकड्यासोबत ‘कुठला चांदा’ हेही लिहायचं. टिपणातली ही सगळ्यात कंटाळवाणी ओळ, पण तिच्यावाचून आकडा कवडीमोलाचा.

दुसरा चकवा साक्षींचा. बाबूराव शेडमाकेंच्या इंग्रजांविरुद्धच्या १८५८ च्या उठावावर तिनं तीन पुस्तकांतून टिपणं काढली आणि तिन्ही जुळली म्हणून खूश झाली. डावा रकाना वाचल्यावर उलगडा झाला. गॅझेटिअरनं मेजर ल्यूसी स्मिथच्या १८६९ च्या जमाबंदी अहवालाचा भरपूर आधार घेतलेला, आणि तिसरं पुस्तक गॅझेटिअरवर उभं. साक्षीदार तीन नव्हेत, एकच, तोही चांद्याचा इंग्रज अधिकारी. बाबूरावांना फाशी झाली २१ ऑक्टोबर १८५८ ला, अहवाल त्यानंतर अकरा वर्षांनी लिहिलेला. खोटा म्हणून तो फेकायचा नाही, पण तीनदा मोजायचाही नाही.

माणसांकडून घेतलेल्या टिपणांना या भागात वेगळंच वजन आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या दाव्यात गॅझेटिअर, जमाबंदी अहवाल, नकाशे यांच्या जोडीला गावातल्या ज्येष्ठांचं लेखी निवेदनही पुरावा म्हणून चालतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हापासून आसपासच्या गावांत अशी निवेदनं लिहिण्याचा सराव वाढला. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवाशांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते. म्हणजे गोष्ट १९३० पर्यंत जाते. आजचे ऐंशीचे आजोबा तेव्हा जन्मलेलेही नव्हते. ते सांगतात ते त्यांच्या आज्यानं सांगितलेलं.

म्हणून ज्येष्ठांकडून टिपणं घेताना तिनं दोन खुणा ठेवल्या: ‘पा’ म्हणजे पाहिलेलं, ‘ऐ’ म्हणजे ऐकलेलं. साल विचारलं की म्हातारी माणसं गप्प होतात. ‘मालगुजारी गेली त्याच्या आधी की नंतर?’ असं विचारलं की लगेच बोलतात. मालगुजारी, म्हणजे गावाच्या मालकीची जुनी पद्धत, १९५१ मध्ये रद्द झाली, ती खूण पक्की आहे. कोणी गोंडीत सांगितलं, कोणी छत्तीसगढीत, तर कोणती भाषा आणि मराठी कोणी करून दिली, हेही डावीकडे. निबंधात या खुणांचं काय काम, असं ती विचारायची. उत्तर मोहफुलांपाशी मिळालं. एका आजीनं मोहफुलं वेचण्यावर कसलीच वसुली नव्हती असं सांगितलं, दुसऱ्या एका गृहस्थांनी जमीनदाराची माणसं वाटा नेत असं सांगितलं. आजीचं ‘पा’, पण मालगुजारी गेल्यानंतरचं. गृहस्थांचं ‘ऐ’, पण आधीचं. दोघांतलं कोणी खोटं बोलत नव्हतं.

शेवटी तिनं सगळे कागद पडवीत पसरले आणि सालांप्रमाणे लावायला घेतले. मी ते मोडून प्रश्नांप्रमाणे लावायला लावले: चराई, सरपण, इमारती लाकूड, मोहफुलं. चराईचा गठ्ठा जाड निघाला, सरपणाचा जेमतेम. निबंधातला सरपणाचा परिच्छेद त्यामुळे चार ओळींचाच झाला, आणि मला तो तसाच बरा वाटतो. मोहफुलांवर तिनं दोन्ही निवेदनं शेजारी शेजारी ठेवली आहेत. आता तिला गावाच्या निस्तारपत्रकाची, म्हणजे निस्ताराच्या नोंदीची, नक्कल हवी आहे आणि जमाबंदीच्या वेळचा वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या रूढींची नोंद, मिळाला तर तोही. अर्ज लिहून तयार आहे.